आधी विहिरीत बघतात

गोदू लग्न होऊन दिवेआगरला आली ती १९८२च्या मे महिन्यात, अठराव्या वर्षी. तिचं माहेर म्हसळ्याच्या बाजूचं, आतल्या गावातलं. तिथे सगळी भाताची खाचरं. एका बांधावर उभं राहिलं की चार बांधांपलीकडचा माणूस दिसतो आणि चालण्यावरून कोण ते कळतंही. नारळी-पोफळीची वाडी तिने लग्नाआधी आतून कधी पाहिलीच नव्हती. भर दुपारी आत शिरलं तरी दिवस कलल्यासारखं वाटायचं. पोफळीला लागून पोफळ, मध्ये केळी, केळीखाली अळू. दहा पावलांवरचं माणूस दिसायचं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूने, चंद्राबाईंनी, तिला जेवणासाठी केळीची पानं आणायला पाठवलं. पानं कापून झाली आणि घर कुठल्या दिशेला आहे तेच तिला कळेना. समुद्राची गाज सगळीकडून सारखीच येत होती. ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने दुरून लांबट आवाज आला, "कूऽऽऽ." मग आणखी एकदा. कुकारा तिला माहेरी ठाऊक होता, रानात गेलेले गुराखी घालायचे. हा आपल्यासाठी आहे हेही तिला समजलं. पण तीन दिवसांच्या नवरीने सासरी सगळ्यांच्या देखत असा आवाज चढवायचा, हे तिच्या मनाला पटेना. आवाजाच्या रोखाने ती गुपचूप चालत निघाली.

ती झाडीतून बाहेर आली तेव्हा सासरे, नवरा आणि शेजारची दोन माणसं विहिरीभोवती उभी होती. चंद्राबाई कठड्यावर पोटाने रेलून खाली पाण्यात पाहत होत्या. पानांचा भारा घेतलेली सून दिसताच त्या सरळ झाल्या आणि मटकन खाली बसल्या. ओरडल्या मात्र नाहीत.

"घरात काय लाजायचं ते लाज," त्या म्हणाल्या. "वाडीत लाजायचं न्हाय. साद आली का साद द्यायची. न्हाय दिलीस तं लोक आधी हिरीत बघतात."

गोदूने हे मनात पक्कं धरून ठेवलं. त्यानंतर तिच्याकडून कधी कुणाची साद रिकामी गेली नाही.

नवरा बाबाजी अबोल माणूस. 'जेवतो', 'जातो', 'ठेव तिथं' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. पण वाडी शिपायच्या वेळी मात्र दोघांचं बोलणं होई. मोटर घरामागे विहिरीवर, आणि वाडीचं दुसरं टोक समुद्राकडच्या कुंपणाला. बाबाजी पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवत वळवत त्या टोकाला जाई. शेवटचं आळं भरत आलं की तो कुकारा घाली. गोदू हातातलं काम टाकून मोटर बंद करी आणि उलट कुकारा देई. एवढंच. पण त्याच्या आवाजावरून आज त्याची कंबर दुखते आहे का, त्याला भूक लागली आहे का, कालचा राग गेला आहे का, हे सगळं तिला कळत असे. अडतीस वर्षं दिवसाआड हे चाललं. मुलगा हर्षद लहानपणी आईच्या मांडीवर बसून बापाच्या कुकाऱ्याला उत्तर द्यायचा. त्याला अजून 'आई' नीट म्हणता येत नव्हतं तेव्हापासून.

२०२०च्या जूनमध्ये, तीन तारखेला, वादळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजी आणि गोदू पडवीत उभे राहिले आणि त्यांना घरातून थेट समुद्र दिसला. असा तो कधी दिसला नव्हता. दोनशेच्या वर पोफळी होत्या, त्यातल्या एकतीस उभ्या राहिल्या. माड नऊ. त्या पावसाळ्यानंतर बाबाजीने शेवटच्या आळ्याशी उभं राहून नुसता हात वर करायला सुरुवात केली. गोदूने एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आता हात केला तरी दिसतं."

नोव्हेंबरात हर्षदला मुलगी झाली, मृणाल. घरात सगळे तिला मिनू म्हणत. बाबाजीने पडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावली, मध्ये पुन्हा केळी लावल्या. पोफळीला सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात, हे त्याला माहीत होतं. २०२२च्या फेब्रुवारीत एका सकाळी चहा पिता पिता तो गेला. मिनू तेव्हा सव्वा वर्षाची होती.

पुढचं घर चालवायचं तर नुसत्या वाडीवर भागणार नव्हतं. हर्षद दिघीच्या धक्क्यावर नोकरीला होता. त्याने वादळात मोकळ्या झालेल्या जागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येत. जेवण गोदू आणि सून क्रांती रांधत. पाहुणे पडवीत जेवायला बसत, म्हणून पडवीच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला. विहिरीच्या मोटरला हर्षदने मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. बापाच्या पश्चात आईची दगदग वाचावी एवढाच त्याचा हेतू होता. तो दिघीत बसून बटण दाबी आणि इकडे पाणी सुरू होई.

टीव्ही या घरात पूर्वीही होता. हर्षद शाळेत असताना काळा-पांढरा आणला होता, तेव्हा अर्धी आळी बघायला यायची. पण तेव्हा टीव्हीपेक्षा बघणाऱ्यांचाच आवाज मोठा असे. कुणी खलनायकाला शिव्या देई, कुणी मध्येच भाताचा भाव सांगे, कुणाचं पोर कुणाच्या मांडीत झोपून जाई. हा नवा टीव्ही वेगळा निघाला. त्याच्यापुढे माणसं गप्प बसत.

मिनूला टीव्हीपुढे बसवायची सवय गोदूने लावली. हे तिने नंतर कधी नाकारलं नाही. चुलीवर मोठं पातेलं, गॅसवर माशाचं कालवण, क्रांतीच्या हातात भाकऱ्या, आणि पायात घुटमळणारं दीड वर्षाचं पोर. एकदा उकळत्या पेजेचं भांडं तिच्यावर पडता पडता राहिलं. दुसऱ्या दिवशी गोदूने पडवीत चटई अंथरली, वाटीत कुरमुरे ठेवले आणि कार्टून लावून दिलं. मिनू जी बसली ती दोन तास हलली नाही. गोदूला वाटलं, देवाने माणूस पाठवलं. पुढे मिनू सकाळी उठली की स्वतःच चटई ओढत आणी. जेवण टीव्हीपुढे, दूध टीव्हीपुढे, झोपही तिथेच. स्वयंपाकघरात टीव्हीचा आवाज येत असे आणि आवाज आहे म्हणजे मिनू आहे, असं दोघी धरून चालत.

मिनू बोलत नव्हती असं नाही. तिला जाहिराती पाठ होत्या, सगळ्या हिंदीतल्या, चालीसकट. साबणाची, बिस्किटाची, रंगाची. पाहुणे कौतुक करत. एका बाईने तर मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढून नेला. गोदू पदराला हात पुसत दारात उभी राही आणि म्हणे, एकदा ऐकलं की झालं, तिच्या डोक्यात बसतं. पण मिनूने कधी पाणी मागितलं नाही. तहान लागली की ती आईचा हात धरून माठाकडे नेई, हात म्हणजे जणू एखादी काठी. नावाने हाक मारली तर वळून बघत नसे.

अडीच वर्षं झाली तेव्हा क्रांतीने पहिल्यांदा विषय काढला. तिच्या माणगावच्या भावाची मुलगी मिनूच्याच वयाची, ती फोनवर आत्याशी भांडायची. गोदूने सांगितलं की हर्षदही उशिराच बोलला, तिसऱ्या वर्षी. आमच्यात बोलतातच उशिरा, आजा तर जन्मभर बोलला नाही. ती हसली, पण क्रांती हसली नाही. गोदूने वेखंड उगाळून मधातून मिनूच्या जिभेला लावायला सुरुवात केली. दर सोमवारी.

हर्षद उशिरा बोलला होता हे खरं नव्हतं. सून काळजी करत बसली तर शनिवारचं जेवण कोण करणार, एवढाच विचार त्या वेळी गोदूच्या मनात होता.

२० जानेवारी २०२४चा शनिवार. दोन्ही खोल्या भरलेल्या, चौदा माणसांचा स्वयंपाक. अकराच्या सुमारास लाईट गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आली. लाईट आली की टीव्ही आपोआप सुरू होत असे, तसा झाला. पडवीतून कार्टूनचा आवाज येऊ लागला. दोघी भाकऱ्या भाजत होत्या. साडेबाराला क्रांती भाताची वाटी घेऊन बाहेर गेली. चटई रिकामी होती. टीव्हीवर एक उंदीर कुणाच्या तरी मागे पळत होता.

तासभर दोघी त्या रिकाम्या चटईच्या भरवशावर निर्धास्त होत्या.

खोल्या पाहिल्या, रस्ता पाहिला, शेजार पाहिला. गोदू वाडीत शिरली. बाबाजीने लावलेली रोपं आता डोक्याएवढी झाली होती, केळीने बन धरलं होतं. पुन्हा पूर्वीसारखं दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. तिने "मिनूऽऽ" म्हणून हाका मारल्या. मग हाक पोचत नाही असं वाटून, साडेतीन वर्षांत पहिल्यांदा, तिने कुकारा घातला. आवाज फुटला, चिरका निघाला. कुठूनही काही आलं नाही.

आणि मग तिचे पाय आपोआप विहिरीकडे वळले. वादळात माड पडून कठड्याची एक बाजू ढासळली होती, तिथे पत्र्याचा तुकडा लावून ठेवला होता. तो सरकलेला होता. कधी सरकला, कुणी सरकवला, काही कळायला मार्ग नव्हता. गोदू पोटाने कठड्यावर रेलली आणि खाली पाण्यात बघू लागली. पाण्यावर एक वाळलेलं केळीचं पान होतं. त्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं.

शेजारच्या वाडीत माडावर चढलेला गणराज ओरडाआरड ऐकून खाली उतरून आला. काही न विचारता त्याने सदरा काढला आणि दोर धरून आत उतरला. पाणी दीड पुरुष. तो बुडी मारून वर येई, तोंडावरचं पाणी निपटी आणि वर न बघता पुन्हा बुडे. क्रांती विहिरीपासून लांब, जमिनीवर बसली होती. पाहुण्यांपैकी कुणी तरी हर्षदला फोन लावला.

गणराजने चौथी बुडी मारली तेव्हा एक पाहुणी बाई मोठ्याने म्हणाली, "अहो, ही इथे आहे."

विहिरीपासून वीस पावलांवर सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग होता. त्याच्या मागे सावलीत मिनू बसली होती. पडलेल्या सुपाऱ्या तिने एका ओळीत मांडल्या होत्या, सरळ, मोजून मापून मांडल्यासारख्या. हाका, रडणं, पाण्याचा धबधब आवाज, सगळं तिच्या कानांवरून गेलं होतं. गोदू तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने मिनूचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मिनूने आजीच्या कानापलीकडे कुठे तरी पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आज ही घर ले आइए."

त्या दिवशी चौदा माणसं जेवली. वाढलं कुणी ते गोदूला आठवत नाही.

मंगळवारी माणगावच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कान तपासून घेतले, कान उत्तम होते. त्यांनी पनवेलची एक चिठ्ठी दिली. तिथे मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या. ५ फेब्रुवारीला हर्षद, क्रांती आणि गोदू तिघंही मिनूला घेऊन गेली. बाईंनी विचारलं, मूल टीव्ही किती वेळ बघतं? क्रांती म्हणाली, दोनेक तास. हर्षद भिंतीकडे बघत होता.

"उठल्यापासून निजेपर्यंत," गोदू म्हणाली. "मीच लावून देते."

घरात आधी कोणी उशिरा बोललं होतं का, असंही त्यांनी विचारलं. क्रांती सासूकडे वळली. गोदूने मान हलवली. म्हणाली, न्हाय, कोणी न्हाय. हर्षद वर्षाच्या आतच बोलत होता.

परतताना गाडीत, वडखळ मागे पडल्यावर, क्रांती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला आठ-नऊ महिने आधी कळलं असतं, आई."

गोदूने मांडीवर निजलेल्या मिनूचं डोकं सावरून घेतलं.

पनवेलच्या बाईंनी कुणालाही दोष दिला नव्हता. सगळं टीव्हीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या होत्या. काही मुलं मुळातच वेगळी असतात, ते आत्ताच सांगता येणार नाही. पण आधी टीव्ही पूर्ण बंद करा आणि तीन महिन्यांनी या. मग त्यांनी गोदूकडे वळून, कदाचित तिचं वय पाहून, सावकाश सांगितलं, "आजी, टीव्ही बोलतो, पण कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही. या मुलीला माहीतच नाही की समोरचा बोलला की आपली पाळी येते. तुम्ही बोला, आणि थांबा. ती काही म्हणाली नाही तरी थांबा."

घरी येईपर्यंत गोदू हेच घोळवत होती. बोला आणि थांबा. तिला हे नवीन नव्हतं. याच्यावरच तर तिचा संसार झाला होता.

टीव्ही भिंतीवरून उतरला. पाहुण्यांच्या एका खोलीत नेऊन हर्षदने तिथल्या दाराला कडी घातली. पहिले चार दिवस कठीण गेले. मिनू मोकळ्या भिंतीपुढे चटई टाकून बसे आणि हातपाय आपटी. एकदा डोकं आपटून घेऊन तिने कपाळाला टेंगूळ आणलं. पाचव्या दिवशी हर्षद म्हणाला, थोडा वेळ लावू या का? त्याचा आवाज रडवेला होता. क्रांती काही बोलायच्या आत गोदू नको म्हणाली. संध्याकाळी सातला गोदूची स्वतःची एक मालिका असे. बाबाजी गेल्यावर त्या मालिकेतली माणसंच तिच्या सोबतीला होती, त्यांची लग्नं आणि आजारपणं तिने मनाला लावून घेतली होती. तीही गेली. सात वाजले की ती उठून उगाच दारापुढचं खळं झाडत असे.

त्याच आठवड्यात तिने हर्षदला मोटरचा तो स्टार्टर काढायला सांगितला.

हर्षदला वाटलं, आई रागावली आहे. ती रागावली नव्हती. वाडी आता मी शिपणार, पोरीला घेऊन, ती म्हणाली. मोटरपाशी क्रांती राहील. शेवटचं आळं भरलं की मी कुकारा घालीन, क्रांतीने मोटर बंद करून उत्तर द्यायचं.

क्रांतीला हे आवडलं नाही. खोल्यांत पाहुणे असतात, पदवीधर बाईने मागच्या दारी उभं राहून असं ओरडायचं? फोन करा ना, ती म्हणाली. गोदू म्हणाली, "फोन मिनूला दिसत न्हाय कुणाला लागला ते. मला माणूस पायजे उत्तर द्यायला."

पहिल्या दिवशी गोदूने कुकारा घातला, मोटर बंद झाली, पण उत्तर आलं नाही. गोदू थांबली. मिनू पाटाच्या कडेला बसून पाण्यात बोट घालत होती. गोदूने दुसऱ्यांदा कुकारा घातला. तेवढ्यात शेजारच्या वाडीतून, वर आभाळातून आल्यासारखं उत्तर आलं, "कूऽऽ." मग माणसाचा आवाज, "काकी, मोटर माझ्याकडं न्हाय."

गणराज माडाच्या शेंड्यावर होता. गोदूला हसू आलं. आणि मिनूने मान वर केली. आवाज आला त्या झाडाकडे तिने पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं.

तिसऱ्या दिवशी क्रांतीने उत्तर दिलं, बारीक, तोंडावर हात धरल्यासारखं. एका पाहुण्याने तिला विचारलं म्हणे, हा कोणता पक्षी ओरडतो हो? क्रांतीने सांगितलं, "आमच्या सासूबाई." ही गोष्ट तिने जेवताना सांगितली. कितीतरी दिवसांनी दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यानंतर तिचा आवाज मोकळा झाला.

दिवसाआड वाडी शिपायची. गोदू पुढे, फावडं घेऊन, मिनू मागे. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवताना गोदू बोले आणि थांबे. "ह्या आळ्यात गेलं. आता?" थांबे. "आता केळीला." थांबे. मिनूकडून काही येत नसे. बरेचदा ती आपल्याच नादात जाहिरात म्हणत असे. गोदू जाहिरात संपेपर्यंतही थांबे. साठ वर्षांच्या बाईला उभ्या उन्हात असं थांबणं सोपं नसतं. लोक बघत, हसत. चंद्राबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार तिच्या मनात येई आणि ती फावड्यावर हात टेकून आणखी थोडं थांबे.

शेवटच्या आळ्याशी ती कुकारा घाली. घराकडून क्रांतीचा कुकारा येई. मग पाटातलं पाणी बारीक होत जाई, थांबे, आणि तळाची वाळू दिसू लागे. मिनूला हे बघायला आवडत असे. मार्चच्या सुमारास गोदूच्या लक्षात आलं की, तिने कुकारा घातला की मिनू पाण्याकडे न बघता आधी घराकडे बघते. वाट बघते. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. आशा बोलून दाखवली की हातची जाते, असं तिला वाटे. शिवाय एकदा खोटं बोलून झालं होतं. आता खात्री असल्याशिवाय तिला बोलायचं नव्हतं.

एप्रिल आला. मिनू नावाला कधी वळून बघे, कधी नाही. जाहिराती कमी झाल्या, पण त्यांच्या जागी शब्द आले नाहीत. बरेचदा ती नुसती गप्पच असे. क्रांती एकदा संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, आधी निदान तिचा आवाज तरी ऐकायला यायचा. गोदूने भांडं विसळून पालथं घातलं. मेच्या पहिल्या आठवड्यात पनवेलला जायचं होतं. बाई विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

१८ एप्रिलच्या गुरुवारी मिनूला जरा कणकण होती, म्हणून गोदूने तिला घरी ठेवलं आणि एकटी वाडीत गेली. उन्हाळ्याने आळी कोरडी पडली होती, पाणी आत जाताना फसफसत होतं. कुंपणापाशी पोचायला तिला नेहमीपेक्षा उशीर झाला. शेवटचं आळं भरत आलं. ती फावड्याला टेकून उभी राहिली आणि तिने कुकारा घातला.

उत्तर आलं.

लहान, तुटका, शेवटी वर उडालेला आवाज. क्रांतीचा घसा बसला की काय, असं गोदूच्या मनात आलं. तिने सवयीने पाटाकडे पाहिलं. पाणी बारीक व्हायला हवं होतं. ते झालं नाही. आळं काठोकाठ भरलं तरी पाणी येतच राहिलं. क्रांती आधी मोटर बंद करी आणि मग कुकारा देई. एकदाही चुकली नव्हती. मोटर चालू ठेवून उत्तर देणारं माणूस मोटरपाशी नव्हतं. त्याला मोटरचं काही ठाऊकच नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की साद आली आहे.

गोदूने लगेच पुन्हा कुकारा घातला नाही. मग घातला, आणि ती थांबली. पाणी आळ्याचा काठ ओलांडून तिच्या पावलांवरून वाहू लागलं होतं, कुंपणाखालून बाहेर पुळणीच्या वाळूकडे चाललं होतं. तिच्या पायांखालची माती विरघळून खाली बसत होती.

केळीच्या बनापलीकडून, घराकडून, पुन्हा आलं. "कू." या वेळी जरा लांब.

मग क्रांतीचा आवाज आला, कुकारा नव्हे, नुसताच, काही तरी बोलायला जाऊन मोडलेला. मोटर कुणी बंद केली नाही. गोदूनेही सांगितलं नाही. ती पाण्यात उभी राहून तिसऱ्यांदा साद घालण्यासाठी श्वास भरून घेत होती.